साठीचा रविवार

वय मोजण्याची रीत मराठी घरात दुहेरी आहे. एक मोजणी इंग्रजी तारखेची. ती शाळेच्या दाखल्यावर आणि नोकरीच्या कागदावर लागते. दुसरी तिथीची. ती देवघरात आणि आईच्या आठवणीत असते. एरवी या दोन मोजण्यांची गाठ क्वचितच पडते, आणि वाढदिवस कोणता पाळावा याविषयी घराघरात थोडा गोड वादही चालतो. परंतु काही वर्षे अशी आहेत की ती दोन्ही मोजण्यांनी थोर ठरतात. पंचाहत्तराव्या वर्षी अमृतमहोत्सव होतो. ऐंशी उलटून दहा महिने गेले की आयुष्यातल्या पौर्णिमा हजार भरतात, आणि मुले आईवडिलांचे सहस्रचंद्रदर्शन करतात. या सर्वांच्या अगोदर येते ती साठी.

साठ हा आकडा आपल्या लोकांनी उगाच निवडलेला नाही. गुरू आपली प्रदक्षिणा सुमारे बारा वर्षांत पुरी करतो आणि शनी सुमारे तीस वर्षांत. म्हणून साठ वर्षांत गुरूच्या पाच फेऱ्या होतात, शनीच्या दोन होतात, आणि ते दोघे आकाशाच्या जवळजवळ त्याच भागात पुन्हा येतात. पंचांगातील संवत्सरांचे चक्रही साठाचेच आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावे संपली की पुन्हा प्रभव. मनुष्य ज्या नावाच्या संवत्सरात जन्मला त्याच नावाचे संवत्सर त्याला आयुष्यात फिरून भेटते ते साठाव्या वर्षाच्या शेवटी. जणू निघालो त्याच वेशीवर परत आलो. अशा वेळी घरात शांती करतात, लेकीसुना ओवाळतात, दूरदूरच्या आप्तांस आणि बालमित्रांस पत्रे जातात, आणि दोनचार दिवस घर माणसांनी भरून राहते. हा सोहळा आनंदाचा खरा. परंतु त्याच्या पोटात एक हिशेबही असतो. काय मिळविले, काय गमावले, कोण राहिले, कोण गेले, आणि पुढे उरलेले आयुष्य कोणाचे, हे प्रश्न कोणी उच्चारीत नाही. पण पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात ते असतात.

महाराष्ट्रात अशी एक साठी होऊन गेली की तिचा हिशेब घराबाहेर, साऱ्या देशासमोर झाला. ती साठी लोकमान्य टिळकांची.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी, शके १७७८ च्या आषाढ वद्य षष्ठीस, रत्नागिरीस झाला. त्या संवत्सराचे नाव नल. शके १८३८ मध्ये, म्हणजे इसवी सन १९१६ मध्ये, नल संवत्सर परत आले. तिथीची षष्ठी आणि इंग्रजी तेवीस तारीख त्या वर्षी दोनतीन दिवसांच्या अंतराने आल्या, आणि तेवीस तारखेस रविवार होता. पुण्याच्या नारायण पेठेतील गायकवाड वाड्यात त्या दिवशी लोकमान्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीचा समारंभ झाला. हा वाडा टिळकांनी १९०५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडून विकत घेतला होता. तेथेच त्यांचे बिऱ्हाड, तेथेच ‘केसरी’चे कार्यालय आणि तेथेच गणेशोत्सव. आज लोक त्यास केसरी वाडा म्हणतात. घर आणि सार्वजनिक कार्य यांच्यामध्ये एका अंगणाचेही अंतर ज्या वास्तूत नव्हते, तेथे घरचा वाढदिवस निव्वळ घरचा राहील हे शक्यच नव्हते.

या रविवारचे मोल कळण्यासाठी आठ वर्षे मागे जावे लागते. १९०८ साली जुलैच्या बावीस तारखेस रात्री दहाच्या सुमारास मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. दुसरा दिवस उजाडला तो टिळकांच्या बावन्नाव्या वाढदिवसाचा. त्या दिवशी ओवाळणी नव्हती, पाट नव्हता, रांगोळी नव्हती. रात्रीतूनच त्यांस खास गाडीने अहमदाबादकडे साबरमतीच्या तुरुंगात रवाना करण्यात आले होते. इकडे मुंबईत गिरणी कामगारांनी काम बंद केले आणि शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक, असा सहा दिवस संप पाळला. घरच्यांस जो वाढदिवस करता आला नाही तो गिरणगावाने आपल्या रीतीने पाळला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यानंतरचे पाच वाढदिवस, १९०९ पासून १९१३ पर्यंतचे, मंडालेच्या तुरुंगात गेले. लाकडी फळ्यांच्या कोठडीत, ब्रह्मदेशच्या उन्हाळ्यात आणि थंडीत, मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, आणि १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. परंतु त्या सहा वर्षांनी जे नेले ते कोणत्याही ग्रंथाने भरून येण्याजोगे नव्हते. ७ जून १९१२ रोजी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. तारेने ही वार्ता मंडालेस पोचली. शेवटच्या वेळी आपण तिच्याजवळ नव्हतो याचेच दुःख अधिक आहे, अशा आशयाचे पत्र टिळकांनी तुरुंगातून घरी लिहिले. जन्मभर भावनेस आवर घालणाऱ्या त्या पुरुषाने एवढेही लिहावे, यावरून त्या घावाची खोली समजते.

साठीच्या शांतीत पत्नीचा पाट यजमानाच्या उजव्या हातास मांडतात. इतक्या वर्षांच्या संसाराचा तो मान असतो. चूल, मूल, पाहुणे, आजारपण आणि नवऱ्याचे हट्ट ज्या बाईने सांभाळले, तिचाही तो दिवस असतो. टिळकांच्या घरात ती जागा चार वर्षे रिकामी होती. थोरला मुलगा विश्वनाथ तर १९०३ मध्येच प्लेगने गेला होता. रामभाऊ आणि श्रीधर हे धाकटे मुलगे, सासरी नांदणाऱ्या तीन मुली, नातवंडे आणि प्रपंचाचा सारा भार वाहणारे भाचे धोंडोपंत विद्वांस, असा त्या वेळचा त्यांचा परिवार. बाहेरच्या जगास ज्यांच्या सभेतील गर्दी दिसत होती, त्यांच्या माजघरातील ही उणीव फार थोड्यांस दिसली असेल.

घरच्या माणसांनंतर साठीच्या दिवशी आठवतात ते तरुणपणाचे मित्र. १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले तेव्हा टिळक चोवीस वर्षांचेही नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकर, नामजोशी, आगरकर, वामन शिवराम आपटे, असा तो मेळा. पुढल्याच वर्षी, १८८१ च्या जानेवारीत, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. चिपळूणकर १८८२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. आपटे १८९२ मध्ये, आगरकर १८९५ मध्ये आणि नामजोशी १८९६ मध्ये गेले. पाच जणांच्या त्या पंगतीत १९१६ साली एकटे टिळक उरले होते.

यांत आगरकरांची गोष्ट सर्वांहून वेगळी. दोघांचा जन्म एकाच महिन्यातला. आगरकर १४ जुलैचे, टिळक २३ जुलैचे, वर्ष तेच १८५६. म्हणजे आगरकर असते तर त्यांचीही साठी याच पंधरवड्यात झाली असती. डेक्कन कॉलेजात दोघांनी देशसेवेच्या आणाभाका घेतल्या. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघे डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र राहिले. तेथे रात्री त्यांचे वाद इतके रंगत की पहारेकऱ्यांस त्यांना शांत करावे लागे, असे आगरकरांनीच लिहून ठेवले आहे. आणि पुढे हेच दोघे एकमेकांविरुद्ध लेखणी परजून उभे राहिले. आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, हा त्यांचा वाद प्रसिद्ध आहे. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, आणि १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला.

त्या राजीनाम्याचे कारण या साठीशी निकटचा संबंध राखते. म्हणून ते येथे सांगणे अवश्य आहे. सोसायटीचे आजीव सभासद दरमहा पंच्याहत्तर रुपये घेत. टिळकांचे म्हणणे असे की, ज्याने शिक्षणास आयुष्य वाहिले त्याने जेझुइट पाद्र्यांप्रमाणे ठरलेल्या वेतनात संतुष्ट राहावे; बाहेरचे काम आणि बाहेरची मिळकत यांच्या मागे लागू नये. इतरांचे म्हणणे असे की, माणसास मुलेबाळे असतात, आजार असतात, आणि त्यागाचे माप दुसऱ्याने ठरवू नये. आगरकरांसारख्या निःस्पृह पुरुषासही हे माप जाचक वाटले, यावरून दुसऱ्या बाजूतही तथ्य होते हे मानलेच पाहिजे. परंतु वादाचे मूळ खरे होते. लोकसेवकास लोकांकडून जे मिळते ते कोणाचे? त्याचे, की लोकांचे? या एका प्रश्नावर दहा वर्षांची मैत्री तुटली.

आता १९१६ च्या त्या रविवारकडे पुन्हा वळावे. समारंभात लोकांच्या वतीने टिळकांस एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली. एक लाख म्हणजे किती? पंच्याहत्तर रुपयांच्या त्या जुन्या वेतनाने मोजले तर एका माणसाचा एकशे अकरा वर्षांचा पगार. साठ वर्षांच्या पुरुषापुढे, ज्याची प्रकृती ढासळली आहे, खटल्यांनी ज्याचा पैसा खाल्ला आहे आणि ज्याचे मुलगे अजून शिकत आहेत, ती थैली ठेवली होती. देणाऱ्यांची इच्छाही हीच होती की लोकमान्यांनी आता प्रपंचाची विवंचना करू नये. ती त्यांनी घरखर्चास ठेविली असती तरी कोणी बोट दाखविले नसते.

टिळकांनी थैली स्वीकारली. परंतु स्वतःसाठी नव्हे. हा पैसा आपण राष्ट्रकार्यासाठी विश्वस्त म्हणून घेतो, असे त्यांनी सभेस सांगितले. सव्वीस वर्षांपूर्वी ज्या तत्त्वासाठी त्यांनी मित्रांस दुखविले आणि आपण उभारलेली संस्था सोडली, त्याच तत्त्वाची परीक्षा त्या दिवशी त्यांचीच झाली. पंच्याहत्तर रुपयांच्या वेळी जो नियम दुसऱ्यास सांगितला तो एका लाखाच्या वेळी स्वतःस लावावयाचा होता, आणि तो त्यांनी लावला. आगरकर त्या सभेत असते तर वाद कदाचित पुन्हा झाला असता. परंतु माणूस आपल्या शब्दास जागला, एवढे तरी त्यांनी खास मान्य केले असते.

त्या दिवसाची भेट मात्र एकच नव्हती. सरकारनेही आपला आहेर धाडला. वाढदिवसाच्या ऐन गडबडीत टिळकांवर जिल्हा मॅजिस्ट्रेटची नोटीस बजावण्यात आली. एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन तुमच्याकडून का घेऊ नयेत, याचे कारण दाखवा, अशी ती नोटीस. कारण होते स्वराज्यावरील तीन व्याख्याने. एक बेळगावचे आणि दोन अहमदनगरची. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी बेळगावास होमरूल लीगची स्थापना झाली होती. आपल्या घरचा कारभार आपल्या हाती असावा एवढीच साधी गोष्ट टिळक त्या व्याख्यानांत खेड्यातल्या माणसास समजेल अशा भाषेत सांगत होते. ज्या दिवशी लोकांनी एक लाख दिले त्याच दिवशी सरकारने चाळीस हजारांची हमी मागितली. साठीच्या हिशेबाचे जमा आणि खर्च असे एकाच पानावर आले.

दुसऱ्या कोणाच्या घरी असा कागद येता तर मांडवाची रया गेली असती. पाहुणे हळूच उठले असते, जामीन राहण्याची वेळ येईल म्हणून मित्रांस दुसरी कामे आठवली असती. गायकवाड वाड्यात तसे झाले नाही. समारंभ ठरल्याप्रमाणे पार पडला. याचे कारण टिळकांच्या धैर्यात होते तसेच त्यांच्या मित्रांतही होते. जुनी माणसे गेली होती, परंतु मैत्रीचा झरा आटला नव्हता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांचेच उदाहरण घ्यावे. टिळकांहून ते दोन वर्षांनी वडील. १९०८ मध्ये शिक्षा झाल्यावर आपली चालती वकिली बाजूला ठेवून ते विलायतेस गेले आणि मित्राच्या अपिलासाठी दोन वर्षे तेथे खटपट करीत राहिले. यश आले नाही. पण मित्र म्हणविणाऱ्याने काय करावे याचा तो धडा होता. नरसिंह चिंतामण केळकरांनी त्या काळात ‘केसरी’ची धुरा वाहिली आणि पुढे तीन खंडांत लोकमान्यांचे चरित्र लिहिले. वाढदिवसाच्या दिवशी हार घालणारे पुष्कळ असतात. नोटीस आल्यावर बसून राहणारे थोडे. साठीपर्यंत असे चार जरी लाभले तरी मनुष्याने आपणांस भाग्यवान समजावे.

खटल्याची हकीकत थोडक्यात अशी. १२ ऑगस्ट १९१६ रोजी पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांविरुद्ध हुकूम दिला. टिळक हायकोर्टात गेले. त्यांचे बॅरिस्टर होते महंमद अली जिना. १९०८ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती दावरांपुढे याच जिनांनी अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. या वेळी तसे झाले नाही. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. व्याख्यानाचा अर्थ सुटी वाक्ये वेचून नव्हे, तर संपूर्ण भाषण एकत्र वाचून लावला पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा. स्वराज्य मागणे हा अपराध नव्हे, एवढे त्यामुळे लोकांस उघडपणे बोलता येऊ लागले. पुढच्याच महिन्यात लखनौच्या काँग्रेसमध्ये टिळक नऊ वर्षांनी परत दाखल झाले. सरकारने वाढदिवसास दिलेला अहेर असा उलटा फळास आला.

साठीनंतर टिळकांस आणखी चार वर्षे लाभली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. चार वर्षे म्हणजे थोडी. परंतु साठीच्या दिवशी, उरलेले आयुष्य कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले होते, म्हणून त्यांतला एकही दिवस त्यांस शोधीत बसावे लागले नाही.

आता प्रत्येक घरी लोकमान्य नसतात, लाखाची थैली येत नाही आणि सुदैवाने पोलिसांचा कागदही येत नाही. सामान्य गृहस्थाची साठी शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसते. मुलगा मुंबईहून येतो, लेक जावयासह नागपुरहून येते, कॉलेजातले तीनचार मित्र काठी टेकीत येतात, सुनबाई साठ दिव्यांचे तबक ओवाळते आणि नातवंडे त्या दिव्यांस फुंकर घालू पाहतात. जेवणानंतर सुपारी कातरीत जुन्या खोड्यांच्या गोष्टी निघतात. यांत काही उणे नाही. हाच संसाराचा खरा प्रसाद होय.

तथापि त्या दिवशी तीन गोष्टी ज्याच्या त्याने करून पाहाव्यात. जी माणसे आज पंगतीत नाहीत त्यांची नावे मुलाबाळांस सांगावीत. सत्यभामाबाईंसारखी माणसे घराघरात होऊन जातात आणि त्यांचे नाव पाटाबरोबरच उचलले जाते. दुसरे, तारुण्यात ज्या मित्राशी तत्त्वावरून बिनसले तो हयात असेल तर त्यास पहिले आमंत्रण धाडावे. टिळकांस आणि आगरकरांस ही संधी मिळाली नाही. आगरकर एकोणचाळीस वर्षेही पुरी न करता गेले. मत बदलू नये, पण पत्र लिहावे. आणि तिसरे, तरुणपणी दुसऱ्यास जो नियम सांगितला तो आज आपल्या पुढ्यात आलेल्या भेटीस लावून पाहावा. तो लागू पडला तर साठ वर्षे कारणी लागली. न पडला तरी चिंता नाही, संवत्सराचे नवे चक्र त्याच दिवशी सुरू होत असते.